अर्ध्या दाराआडचं ऊन

मी एक वाक्य जास्तीचं बोललो आणि इस्त्रीवाल्या काकांनी गल्लीभरातून खुर्च्या गोळा केल्या.

वाक्य दिसायला साधं होतं. "काका, गल्लीतली लाईट गेली तरी तुमचा पंखा थांबणार नाही. सूर्य काय लाईटबरोबर जातो का?" हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. छपरावर सोलरच्या पाट्या बसवून देणाऱ्या एका दुकानात मी तेव्हा नवीनच लागलो होतो. आमच्या गावच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर बहुतेक रजेवर असत, आणि ते हजर झाले की आम्ही नसायचो. त्यामुळे विजेबद्दलचं माझं सगळं ज्ञान मालकाने आम्हा पोरांना दिलेल्या छोट्याशा प्रशिक्षणावर उभं होतं. प्रशिक्षण चांगलं होतं. जेवण त्याहून चांगलं होतं, म्हणून जेवणानंतरच्या तासाला मला झोप लागली. त्या तासात नेमकं काय शिकवलं, ते मला पुढे एका रविवारी भर दुपारी, भरल्या खोलीत कळलं.

काकांची खोली गल्लीच्या तोंडाशी होती आणि मी त्याच गल्लीत दुसऱ्या एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. त्यांचं पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पुढच्या दाराचे दोन भाग होते. वरचा भाग सकाळी उघडायचा तो रात्री मिटायचा. खालचा कायम बंद, त्याच्यावर आडवी फळी ठोकलेली. काका स्वतः मागच्या दाराने ये-जा करत. फळीवर चुरगळलेले कपडे यायचे आणि फळीवरूनच कडक होऊन परत जायचे. गल्लीतलं प्रत्येक घर त्या फळीपर्यंत येऊन गेलेलं होतं. पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. जायचं कारणच नव्हतं.

आत एक लांब टेबल. त्याच्यावर जुन्या ब्लँकेटची जाड घडी, घडीवर पांढरी चादर, चादरीवर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा पिवळसर ठसा. इस्त्री टेकवायला वीट. पाणी शिंपडायला झाकणाला भोकं पाडलेली बाटली. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर हँगर. कोपऱ्यात कापडाने झाकलेलं शिवणयंत्र, ते काकूंचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण यंत्राला तेल वेळच्या वेळी मिळायचं. यंत्रावर काचेची बरणी आणि बरणीत बटणं. काकू शिवणकाम करायच्या तेव्हापासूनची.

काका माणसांना नावाने ओळखत नसत, कपड्यांनी ओळखत. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर म्हणजे 'कडक कॉलर'. त्यांच्या शेजारी गॅलरीभर झाडं लावणाऱ्या बाई म्हणजे 'कुंडीवाल्या वहिनी', कारण त्यांच्या प्रत्येक साडीच्या पदराला मातीचा डाग. कोणाचं पोट सुटलं, कोण खांदे पाडून चालायला लागलं, सगळं त्यांना टेबलावर दिसायचं. एकदा वहिनींच्या गाठोड्यावर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाले, "थोरला हॉस्टेलवर गेला वाटतं. त्याचे शर्ट येत नाहीत हल्ली." गेलाच होता. काकांना कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीचं सगळं काकांना ठाऊक होतं आणि काकांचं गल्लीला एवढंच, की इस्त्री चांगली करतात आणि बटण तुटलेलं असलं तर लावून देतात.

माझं तसंच झालं. पहिल्यांदा शर्ट टाकला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला.

"पोटावरचं बटण कुठे गेलं?"

"राहू द्या काका. आत खोचतो मी."

"आत खोचतो म्हणे! हात वर केलास की बेंबी दिसेल. गिऱ्हाईक सोलर बघेल की तुझी बेंबी?"

त्यांनी बरणीतून एक बटण शोधलं, सुई ओवली, लावलं, दाताने दोरा तोडला. मी खिशात हात घातला.

"किती?"

"विकायला नाहीत ती. उसनं दिलंय. आणून दे परत."

बटण उसनं देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. पुढे कळलं, अर्धी गल्ली त्यांची बटणं लावून हिंडत होती आणि परत कोणीच केलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बटण्या' झालो.

गिऱ्हाईक म्हणून मी त्यांच्यामागे लागलो तो दुसऱ्याच आठवड्यापासून. छप्पर त्यांच्या मालकीचं, वर सावली नाही, दिवसभर इस्त्री चालू. माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे? मी फळीवर कोपर टेकून बोलायचो आणि काका इस्त्री फिरवता फिरवता शंका काढायचे.

"ढग आले की?"

"कमी होते. बंद पडत नाही."

"छपराला भोकं पाडणार. गळेल."

"नीट बसवलं तर नाही गळत. मी स्वतः उभा राहून बघेन."

"आणि चांदण्यात?"

"चांदण्यात काय?"

"पौर्णिमेला थोडी होत असेल ना. एखादा दिवा पेटेल एवढी."

"नाही हो काका. चांदण्यावर फक्त प्रेम होतं, वीज होत नाही."

"तुझं झालंय का?"

"वीजही नाही आणि तेही नाही."

बिल अगदी शून्य येणार का, असंही त्यांनी विचारलं. मालकाने सांगितलं होतं की शून्य म्हणून कोणाला सांगू नकोस, मीटरचा ठरलेला आकार तरी भरावाच लागतो. ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. एवढं प्रामाणिक बोलल्यावर माणसाला थोडी सूट घ्यावीशी वाटते. असो.

तिकडून कडक कॉलर जाता जाता थांबायचे आणि शंकांमध्ये भर घालायचे. पाट्यांवर आकाशातली वीज ओढली जाते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. नीट अर्थिंग केलं की छपरावरच्या पाण्याच्या टाकीपेक्षा त्यांचा धोका जास्त नाही, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तू शिकलास कुठे?" तो विषय मी वाढवला नाही. वहिनींची काळजी वेगळीच. "पाट्या ऊन ओढून घेतात म्हणे. माझ्या कुंड्यांना उरेल का?" मी म्हटलं, "वहिनी, पाटीवर पडेल तेवढंच ती घेते. रस्ता ओलांडून येत नाही." तरी त्यांनी मोगऱ्याची कुंडी दोन हात मागे सरकवली.

हे असं बरेच दिवस चाललं. आपण फार चिवट आहोत असं मला वाटत होतं. खूप नंतर लक्षात आलं की काकांना पटायला इतका वेळ लागलाच नव्हता. पटलं की मी जाईन, म्हणून ते शंका काढत होते.

तर त्या शंकांच्या भरात मी ते वाक्य बोललो. काकांचा हात थांबला. गरम इस्त्री कोणाच्या तरी पँटवर तशीच राहिली.

"म्हणजे सगळीकडे बंद आणि माझ्याकडे चालू?"

"फक्त तुमच्याकडे."

"मग लोक येतील."

"कुठे?"

"इथे. आत." त्यांनी खालच्या बंद अर्ध्या दाराकडे पाहिलं आणि इस्त्री उचलली. पँट थोडक्यात वाचली. "बसतील जरा वेळ."

मला त्याच दिवशी होकार मिळाला. मुलीला त्यांनी फोनवर सांगितलं की बिल वाचेल. मुलगी दूरच्या शहरात असते. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, इकडे या ना राहायला, बरं ठेवते. ती वाईट नाही. तिच्याकडे एकाच फोनमध्ये दोन मुलं, नोकरी आणि सासरे असतात. बापाला मिळतो तो उरलेला कोपरा. काका फोन ठेवल्यावर थोडा वेळ तो हातातच धरून बसायचे. तापलेली इस्त्री थंड होऊ द्यावी तसा.

पाट्या बसल्या तेव्हा थंडी होती. पहिले काही दिवस सगळं ठीक चाललं. मग काकांच्या छपरावर किती वीज होतेय त्याचा माझ्या मोबाईलवरचा आकडा सकाळभर भोपळाच दाखवायला लागला. ऊन लख्ख, वीज शून्य. दुपारी एकदम उसळी. मालक म्हणाला, जाऊन बघ, वायर सैल असेल. मी सकाळीच शिडी लावली, वर डोकं काढलं आणि शिडीवरच थांबलो. पाट्या ब्लँकेटं पांघरून झोपल्या होत्या. प्रत्येकीला एकेक. कडेने विटा ठेवून नीट खोचलेली. एकीला तर काकूंची जुनी शालसुद्धा होती.

"काका!" मी वरूनच ओरडलो. "हे काय आहे?"

"किती गारठा पडतो रात्रीचा!" खालून आवाज आला. "इस्त्री रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तापायला किती वेळ खाते, तुला काय माहीत? दुपारी ऊन तापलं की काढतो मी."

मी खाली उतरून त्यांना समजावायला बसलो. म्हणजे फळीच्या बाहेर उभा राहिलो.

"काका, पाट्यांना ऊब नको असते. उजेड हवा असतो."

"ऊन हवं असतं, असं तूच म्हणालास."

"ऊन म्हणजे उजेड."

"ऊन म्हणजे ऊब. आंघोळीला आपण ऊन ऊन पाणी म्हणतो. ते काय उजेडाचं पाणी असतं?"

आपल्या भाषेने दोन वस्तू एकाच शब्दात बांधून ठेवल्यात आणि त्याची शिक्षा मी त्या फळीवर भोगत होतो. शेवटी म्हटलं, "त्या इस्त्रीसारख्या नाहीत, आरशासारख्या आहेत असं समजा. थंडीतल्या स्वच्छ उन्हात त्या उलट खूश असतात. फार तापल्या तर थोडी कमीच वीज देतात."

काकांनी इस्त्री विटेवर टेकवली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना जवळ घ्यायचं नाही. नुसतं बघायचं."

"तसंच काहीतरी."

"मुलीसारखं आहे," ते म्हणाले, आणि वर जाऊन ब्लँकेटं काढून आले.

आणखी एक गोष्ट त्या सुमारास झाली. काकांची इस्त्री बंद असताना वरची वीज कुठे जाते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तारेत जाते आणि जवळपास जिथे लागेल तिथे वापरली जाते, मीटर तिचा हिशेब ठेवतो. हे खरं होतं. तो तास मी जागा होतो. पण काकांनी त्याचं काय केलं पाहा. दुसऱ्या दिवशी कडक कॉलर शर्ट घ्यायला आले, तर काका म्हणाले, "काल दुपारी पंखा कसा चालला?"

"नेहमीसारखा. का?"

"माझ्या उन्हावर होता."

"तुमच्या विजेला माझ्या घरात यायची परवानगी कोणी दिली?" कडक कॉलर म्हणाले आणि स्वतःच हसत निघून गेले. काका त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. फळीच्या आत कोणी येत नव्हतं, पण निदान ते स्वतः रोज दुपारी कोणाच्या तरी पंख्यात, मिक्सरमध्ये जाऊन येत होते.

पण त्यांचं खरं लक्ष लाईट जाण्याकडे होतं. आणि लाईट जाईना. एरवी वेळी-अवेळी दगा देणारी आमच्या गल्लीची लाईट पाट्या बसल्यापासून शहाण्यासारखी वागत होती. गेलीच तर पहाटे, सगळे झोपलेले असताना. मग उन्हाळ्यात एकदाचा कोपऱ्यावर फलक लागला. रविवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहील. आणि त्याच रविवारी दुपारी क्रिकेटचा अंतिम सामना.

काकांचं वय त्या आठवड्यात उतरलं. प्रत्येक गाठोड्याबरोबर फळीवरून निमंत्रण जाऊ लागलं. "रविवारी या. माझ्याकडे चालू असणार. हा बटण्या आहे ना, त्यानेच सांगितलंय." लोक माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो. काकांनी मागच्या खोलीतला टीव्ही पुढे आणला, इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. सरबताची तयारी केली, बिस्किटं आणली. खुर्च्या घरोघर फिरून मागितल्या. आणि शनिवारी मी पाहिलं, तर ते गुडघ्यावर बसून खालच्या अर्ध्या दाराच्या कडीला तेल घालत होते. फळी उखडून ठेवली होती. कडी गंजून बसली होती. काकूंना घराबाहेर नेलं तेव्हा ती शेवटची निघाली होती, असं वहिनींनी मला हळूच सांगितलं.

रविवारी लोक आले. खरंच आले. कडक कॉलर सदरा घालून, वहिनी धाकट्याला घेऊन, आणखी ज्यांना मी ओळखतही नव्हतो असे. पहिल्यांदाच आत येत असल्यामुळे सगळे भिंती बघत होते. "अरे, माझी पँट!" कोणीतरी खिळ्याकडे बोट दाखवून म्हणालं. काका दारात उभं राहून प्रत्येकाला "या, या, आत या" म्हणत होते. त्या 'आत'वर त्यांचा आवाज थोडा जास्तच जोर द्यायचा. मी मधल्या खुर्चीत, सरबताचा ग्लास हातात, शोधक असल्यासारखा बसलो होतो.

मॅच रंगात आली. बाहेर कोणीतरी ओरडलं, "आता बंद करतायत!" खोलीतले सगळे हसले. काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

आणि टीव्ही काळा झाला. पंख्याने दोन-तीन आळसावलेले फेरे मारले आणि तोही थांबला.

दारातून ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं, इतकं कडक की बघवत नव्हतं. मग कडक कॉलर शांतपणे म्हणाले, "कोणीतरी बाहेर जाऊन बघा, सूर्य आहे का जागेवर."

हशा पिकला. मी शिडीकडे पळालो. पाट्या चकचकीत, आणि खाली, पाट्यांची वीज घरात सोडणाऱ्या यंत्राच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय. मालकाला फोन लावला.

"अरे गाढवा," मालक म्हणाला, "लाईनीची लाईट गेली की आपली यंत्रणाही आपोआप बंद होते. मुद्दाम तशी केलेली असते. नाहीतर छपरावरची वीज तारेत जाऊन दुरुस्तीवाल्या माणसाला मारेल. चालू ठेवायची तर बॅटरी आणि वेगळं यंत्र लागतं. सांगितलं होतं ना, जेवणानंतरच्या तासाला?"

मी खाली आलो. माझा चेहरा बघून सगळ्यांना कळलं असावं. वहिनींनी विचारलं, "काय रे, काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझंच चुकलं. वरचं एक बटण दाबायचं राहिलं माझ्याकडून. याने सांगितलं होतं, मीच विसरलो."

बटण. तेसुद्धा उसनंच.

लोक वाईट नव्हते. थोडा वेळ बसले. पण पंख्याशिवाय तेवढी माणसं त्या खोलीत म्हणजे आम्ही सगळे मिळून इस्त्रीखालीच होतो. कोणाच्या तरी मोबाईलवर मॅच लागली, तो बाहेर झाडाखाली गेला, त्याच्यामागे बाकीचे गेले. कडक कॉलर उठताना म्हणाले, "सरबत मात्र चांगलं होतं हो." मग खोलीत खुर्च्या उरल्या, अर्धवट ग्लास उरले आणि आम्ही दोघं.

मी काकांना खरं कारण सांगितलं. सगळं, झोपेसकट. ते ऐकत ऐकत ग्लास गोळा करत होते.

"म्हणजे तारेवर कोणी असेल, तर त्याच्यासाठी माझ्याकडे बंद?"

"हो."

"आज आहे कोणी?"

आम्ही दोघांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. समोरच्याच खांबावर पट्ट्याने बांधून घेतलेला एक माणूस होता, उन्हात, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. काका त्याच्याकडे पाहत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, त्यांना ऊन लागलं. मग ते दारात जाऊन ओरडले, "अहो लाईनमन! खाली उतरलात की इकडे या. सरबत आहे."

तो आला. दारात चपला काढायला लागला तर काका म्हणाले, "तसेच या, तसेच आत या." लाईनमन खुर्च्यांची रांग बघून बिचकला. "कार्यक्रम आहे का काही?"

"होता," काका म्हणाले. "बसा. कुठेही बसा."

त्याने एका दमात दोन ग्लास संपवले. मग वर बोट दाखवून म्हणाला, "पाट्या तुमच्याच ना? तार तपासूनच हात लावतो मी, पण छपरावर पाट्या दिसल्या की पुन्हा एकदा तपासतो. कोणीतरी शहाणा काहीतरी उलटंसुलटं जोडून ठेवतो." आणि तो माझ्याकडे बघायला लागला. मी ग्लासात बघायला लागलो.

"बंद झाल्या होत्या," काका म्हणाले. "ताबडतोब. ह्यानेच बसवल्यात."

लाईनमनच्या मनगटावर बाही लोंबत होती. पट्ट्यात अडकून बटण तुटलं होतं. काकांनी बरणी काढली, त्याचा हात टेबलावर, चादरीच्या पिवळ्या ठशावर ठेवायला लावला आणि अंगावरच बटण शिवलं. तेवढा वेळ लाईनमन बोलत होता. त्याची बायको, त्याची बदली, खांबावरून कोणाकोणाच्या घरात काय दिसतं. काका मधेमधे "मग?" म्हणत होते. कोणी आपल्याला काही सांगतंय आणि त्याला हलता येत नाहीये, असं सुख त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नसावं. त्यांनी टाके जरा जास्तच घातले.

"किती द्यायचे?" लाईनमनने विचारलं.

"उसनं आहे," काका म्हणाले. "आणून द्या सवडीने."

तो परत खांबावर चढला. बऱ्याच वेळाने पंखा फिरला, टीव्ही लागला. मॅच संपून बक्षिसं वाटत होते. जाता जाता लाईनमन दारातून अभिमानाने ओरडला, "काका, सगळं नवीन टाकलंय! आता तुमच्या गल्लीची लाईट जायची नाही!"

"बरं झालं," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या खुर्च्या न्यायला आले. फळी परत ठोकलेली होती. खुर्च्याही फळीवरूनच गेल्या.

लाईनमनने काम चोख केलं होतं. त्यानंतर आमच्या गल्लीची लाईट जवळजवळ गेलीच नाही. काकांचं बिल उतरलं, पाट्या ठरल्याप्रमाणे चालल्या, तक्रार करायला जागाच नव्हती. मी मालकाकडून कमी पैशात बॅटरी बसवून द्यायची तयारी दाखवली. काका म्हणाले, "कशाला? लाईटच जात नाही." मधूनमधून ते फळीवरून वाकून त्या खांबाकडे बघायचे. खांबावर कोणी नसायचं. लाईनमनची बदली झाली, असं कोणीतरी म्हणालं. मी ते काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, फक्त एकदा म्हणाले, "त्याच्याकडेही एक बटण आहे माझं."

पुढच्या वर्षी मालकाने दुसऱ्या शहरात दुकान काढलं आणि मला तिकडे पाठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारात जाऊन एक पांढरं बटण विकत घेतलं आणि काकांच्या फळीवर ठेवलं. ते कोणाचा तरी सदरा करत होते. इस्त्री विटेवर टेकवली, बटण उचललं, उजेडात धरलं.

"हे काय?"

"तुमचं उसनं. जातोय मी उद्या. फेडून जावं म्हटलं."

त्यांनी बटण उलटंपालटं करून पाहिलं.

"हे चार भोकांचं आहे."

"मग?"

"मी दिलं ते दोन भोकांचं होतं. हे नाही चालणार."

"काका, बटण ते बटण."

"असं कसं? तुझ्या दुकानात दोन पाट्यांच्या जागी एक दिली तर चालेल का?"

"मग हेच काढून देतो," मी शर्टाला हात घातला. "तुमचंच आहे हे."

"हात लावू नकोस." ते एकदम म्हणाले. "लावलेलं काढायचं नसतं. कापडाला खूण राहते."

त्यांनी माझं चार भोकांचं बटण फळीवरून माझ्याकडे सरकवलं आणि इस्त्री परत उचलली.

"दोन भोकांचं आण," ते सदऱ्यावर पाणी शिंपडत म्हणाले. "घाई नाही. मिळेल तेव्हा आण."

"टपालाने पाठवू?"

"हरवतं टपालात," काका म्हणाले. "हातात आणून दे."